छत वाजवून बघताना

अण्णा, आमच्या घरात पाणी शिरलं. पावसाचं नाही, आपलंच. सून बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, आम्ही सगळे तिकडे, आणि इकडे गच्चीवरच्या टाकीच्या पाइपाचा जोड निसटला. पाणी गच्चीवर तुंबलं आणि मागच्या खोलीच्या छतातून खाली उतरत राहिलं. चार दिवसांच्या नातीला घेऊन दार उघडलं तर पायाखाली पचपच. गाद्या, कपाटाचा खालचा कप्पा, बाळंतिणीसाठी काढून ठेवलेल्या मऊ गोधड्या, सगळं चिंब. त्याचं मला काही वाटलं नाही, गोधड्या वाळतात. माझा जीव अडकला तो छतात. त्या छताला पाळण्याचा आकडा आहे. माझा मुलगा तिथेच टांगलेल्या पाळण्यात वाढला, आणि नात जन्मायच्या आधीपासून मी घरादाराला ऐकवत होते की हिचाही पाळणा तिथेच बांधायचा, बारशापासून ती तिथेच निजेल. बारसं रविवारी आहे.

मानिक चौकातल्या रंगवाल्यानं एक मिस्त्री धाडला. त्यानं पाच दिवस पंखे लावून ठेवले आणि काल येऊन म्हणाला, "अम्मा जी, सब सूख गया. पुट्टी मार देते हैं, इतवार तक चकाचक." मुलगा म्हणाला, "आई, करून टाकू ना. पाहुणे येणार." दिसायला छत कोरडं होतं, खोटं कशाला बोलू. पण वरून वाळलं म्हणजे आतून धरून आहे असं समजू नकोस, हे तुमचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी कपाटामागून तुमची काठी काढली. माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली, तुम्ही ही पितळी टोपणाची वेळूची काठी दिलीत. सासरची माणसं कितीतरी दिवस हसत होती.

काठी वर केली, ठोकली, आणि मला काहीच कळलं नाही. भरीव की पोकळ, सगळं सारखंच. अण्णा, दोन वर्षं झाली, माझे कान गेलेत. घरात कुणाला सांगितलेलं नाही. टीव्ही मोठा करते आणि हल्लीची माणसं पुटपुटतात म्हणून त्यांच्यावरच उखडते. वळणच ते, तुमच्यावर गेलंय.

तुम्ही रेल्वेच्या बांधकाम खात्यात मिस्त्री. कोळशाच्या इंजिनांचे दिवस. आधीची वर्षं वर्कशॉपमधल्या ठोकाठोकीत गेलेली, तिथेच तुमचे कान गेले, हे घरात ठाऊक होतं, बाहेर नाही. पावसाळा संपला की तुम्ही ही काठी घेऊन क्वार्टरांची छतं वाजवत हिंडायचात. प्लास्टर कुठे सुटलंय ते ठोकून सांगायचं, मग तेवढं पाडून नवं करायचं. ऐकू येत नसताना तुम्हाला कसं कळतं, हे कोडं मी आईला घातलं होतं. आई म्हणाली, काठीतून हाताला कळत असेल. कुणाच्याही घरी गेलात की आधी त्या घरच्या बाईला बोलवायचात. "बहनजी, आप जरा यहाँ खड़ी रहिए, घर आपका है." बायका सुखावायच्या. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत तुमच्या अदबीचं कौतुक होतं. आपल्या घरात आई उभी राहायची.

त्या वर्षी आई लक्ष्मी तालाच्या काठावर महालक्ष्मीच्या देवळात गेली होती, म्हणून तुम्ही मला हाक मारलीत. मी अकरा वर्षांची. नवरात्र दोन दिवसांवर आलेलं, आणि पहिल्यांदाच भोंडला आपल्याकडे व्हायचा होता. आपल्या लाइनीत मराठी घरं चार, पण भोंडला बघायला सगळ्या मुली यायच्या. "खिरापत में क्या है री?" म्हणून शाळेत माझ्यामागे लागल्या होत्या. मी पाटावर हत्तीही काढून ठेवलेला. तुम्ही ठोकत ठोकत खिडकीपर्यंत आलात. ठोकलंत. थांबलात. पुन्हा ठोकलंत. मला एवढंच दिसत होतं, की पोकळ निघालं तर उद्यापासून पाडापाडी, घरभर चुना-माती, आणि भोंडला दुसऱ्या कुणाच्यातरी अंगणात. मी मख्खासारखी उभी राहिले. तुम्ही पुढे गेलात.

भोंडला छान झाला. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी तुम्ही ड्यूटीवर जायला खिडकीशी उभे राहून सदरा घालत होतात, तेव्हा ते प्लास्टर खाली आलं. खांद्याचं हाड मोडलं. ते सांधलं, पण उजवा हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. रेल्वेच्या दवाखान्यात साहेब भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवरूनच त्यांना सांगितलंत, "माझी चूक आहे. मला ऐकू येत नाही, बरीच वर्षं येत नाही." आई रडायला लागली. मी तिच्या पदराआड. मग रिटायर होईपर्यंत तुम्ही स्टोअरमध्ये बसून नळ आणि वायसर देत राहिलात. पावसाळा सरला की दुसरा कुणीतरी छतं वाजवत जाई, आणि तुम्ही दारात उभे राहून त्याच्याकडे बघत असायचात.

आता कालचं सांगते. काठी हातात, ऐकू काही येत नाही, मिस्त्री पुट्टीचा डबा उघडून उभा. सून बाळाला घेऊन दारात. मी ठोकत होते आणि माझं मलाच कळलं नाही, मी छताकडे बघतच नव्हते. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पोकळ ठिकाणी माणसाचा चेहरा हलतो, अण्णा. भुवई हलते, नाहीतर श्वास थांबतो. मी आकड्याच्या शेजारी ठोकलं, आणि सुनेचा चेहरा एकदम मख्ख झाला. तो चेहरा मी ओळखते. अकरा वर्षांची असताना तो मी स्वतः केला होता.

काठी खाली टेकवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मला ऐकू येत नाही. तूच सांग, कसं वाजलं?" ती घाबरली. म्हणाली, "मम्मीजी, खोखला है. आपका इतना मन था पालना यहीं बाँधने का... मैं कैसे बोलती?" मिस्त्रीनं छिन्नी लावली तर आकड्याभोवतीचं हातभर प्लास्टर एका तुकड्यात निघून आलं. मी बाळाला सुनेकडून घेतलं आणि किती वेळ कुणाला देईना. पाळणा आता पुढच्या खोलीत, लोखंडी स्टँडचा. काही बिघडत नाही.

पण तेव्हापासून मला चैन नाही. तुम्ही बायकांना अदब म्हणून उभं करत नव्हतात, आणि काठीतूनही तुम्हाला काही कळत नव्हतं. तुम्ही चेहरे बघायचात. म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझा चेहरा बघून पुढे गेलात. मग खाटेवर पडल्या पडल्या तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, चूक कुणाची ते. तरी साहेबांसमोर तुम्ही कानांचं नाव घेतलंत, आवडतं काम सोडलंत, आणि माझ्याकडे कधी वाकड्या नजरेनं बघितलं नाहीत. उलट काठी मलाच दिलीत.

तुम्ही होतात तोवर मी का बोलले नाही, तर तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागे, आणि ही गोष्ट मला ओरडून सांगता येत नव्हती. आता कागदावर लिहिलं आहे. कागद काठीला गुंडाळून कपाटामागे ठेवीन. खिडकीजवळचं मला ऐकू आलं होतं, अण्णा. दोन्ही वेळा.