फौजदारासाठी मागाचा आवाज

५ ऑक्टो., रविवार
सोसायटीची मीटिंग. ठराव एकच: लक्ष्मीपूजनाला गेटपासून पार्किंगपर्यंत फटाक्यांची माळ. मी म्हटलं, घरात म्हातारा कुत्रा आहे. अध्यक्ष बिराजदारअप्पा म्हणाले, "मॅडम, नाव फौजदार आन् फटाक्याला भ्यायचं व्हय?" सगळे हसले. माझं पोट विनोदी लेखांवर चालतं, दुसऱ्याच्या विनोदावर फुकट हसायची सवय नाही. माझा विरोध नोंदवा म्हटलं, तर सेक्रेटरींचं पेन नेमकं तेव्हाच संपलं.

८ ऑक्टो.
फौजदार, म्हणजे या वहीत फौ., नऊ वर्षांचा. हृदयासाठी रोज दोन गोळ्या. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "गेल्या वर्षीसारखा पळाला तर या वेळी सोसायचं नाही त्याला."
गेल्या वर्षीचं लिहूनच टाकते. मीच त्याला पट्ट्याला धरून माळेजवळ उभं केलं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये जन्मलेलं पिल्लू, कानाशी सहा माग धडधडत असताना झोपायचं. त्याला कसली आवाजाची भीती? सोलापूरचा सगळा पूर्व भाग, मागवाल्यांची वस्ती, हेच म्हणाला असता. पण पट्टा माझ्या हातात होता. तुटला. तीन दिवस मी पार सात रस्ता चौकापर्यंत हाका मारत हिंडले. सापडला मागवाल्या राजेशम मामांच्या शेडमध्ये. ज्या मागाखाली जन्मला, त्याच्याच खाली.
बाईंचा सल्ला: फिरवणं उजेडात उरकायचं. आतली खोली, खिडक्या बंद. लपला तर लपू द्यायचं, ओढायचं नाही. गळ्यात फोन नंबर. माणसांच्या गोळ्या बिलकुल नाहीत.

१४ ऑक्टो.
फौ.ला घेऊन मामांकडे गेले. म्हटलं, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी एक माग चालू ठेवा. एकच. फौ.ला घेऊन येते.
मामांनी दोन्ही कानांना हात लावले. "वद्दम्मा, नको! त्या दिवशी माग पुसून, हळदकुंकू लावून पूजा करतो आमी. देवीसमोर बटण दाबू का? आजोबाच्या टायमापासून कधी झालं नाही."
मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, अंबक्कांनी, चहाची बशी पुढं केली. "आवाज फोनात भरून न्या की. आवाजाला कुठं कुंकू लावतो आपण?"
वीस वर्षं लेखणी झिजवतेय, हे मला सुचलं नाही.
पाऊण तास भरून घेतलं. मध्ये मध्ये मामांचा खोकला. फौ. मागाखाली घोरत होता.

१७ ऑक्टो.
घरी सराव. आधी बारीक आवाज, सोबत कडक भाकरीचा तुकडा. मग जरा मोठा. मागाला कान टवकारतो, मामा खोकले की शेपूट हलवतो.

२० ऑक्टो., नरकचतुर्दशी
पहिली आंघोळ कुणाची, हे शेजाऱ्यांना सुतळी बॉम्बनं कळवायचं असतं. फौ. दोन तास पलंगाखाली. भाकरीला तोंड लावलं नाही. मी टाचेखाली कारीट फोडलं. नाव कुणाचं घेतलं ते लिहीत नाही.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
खिडक्यांना सोलापुरी चादरी, प्रत्येकीला दोन. सहाला फोन विजेवरच्या मोठ्या स्पीकरला जोडून माग सुरू, संपला की पुन्हा पहिल्यापासून. फौ. पलंगाखाली, पण डोळे मिटलेले.
सातला बेल. अप्पा, कपाळाला गंध. "मॅडम, काय खडखड लावलीय? खाली पूजा चाललीय. लोकांना त्रास होतोय."
"आवाजाचा? तुम्हाला? या, बसा, पाणी देते."
"सणासुदीला बरं दिसत नाही."
"वर्षातून एकदा तर असतं, अप्पा. सवय होईल."
"बंद करा म्हणतो."
"तुमची माळ विझली की लगेच."
दार लावलं. कडी जरा जोरातच आपटली. रागानंच, असं म्हणू.
सव्वासातला माळ. आणि निम्म्यात वीज गेली. रोषणाईचा भार, दुसरं काय. स्पीकर बंद, माग गप्प; नुसत्या फोनचा आवाज माळेपुढं कुठला ऐकू येतोय. फौ. सुटला तो थेट दाराशी. नखांनी दार ओरबाडतोय, छाती भात्यासारखी. मी दाराला पाठ लावून बसले, शेजारची ट्रंक ओढली आणि दोन्ही तळव्यांनी बडवायला लागले. खटक-खटक, खटक-खटक. ऐकेना. मग खोकले. मामांसारखी, खोल, छातीतून.
थांबला. वळून बघितलं. मांडीवर डोकं टाकलं.
माळ संपेपर्यंत बडवत होते. आणि खोकत.

२३ ऑक्टो., भाऊबीज
तळवे सुजलेत. फौ.नं अर्धी भाकरी खाल्ली. जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत जातो, तिसरीवर पाय ठेवत नाही.
दाराखालून सोसायटीची नोटीस. विषय: आपल्या घरातील असह्य आवाज. रविवारी सकाळी सभेत खुलासा करावा. सेक्रेटरींना पेन मिळालेलं दिसतं.
अप्पांनी एक माळ तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवलीय, हे वॉचमननं सांगितलं.
मामांना फोन करून ट्रंक, खोकला, नोटीस सगळं सांगितलं. म्हणाले, "येतो की सभेला. खोकायचं का नुसतं बसायचं?"
म्हटलं, पुढच्या रांगेत बसा. बाकी त्या वेळी बघू.