स्वेटरवरचे गोळे आणि तुझं प्रशिक्षण

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केलेला नाही, सध्या वाकवत नाही. तू बरी असशील. भावोजींचा खोकला त्यांच्यासारखाच, सांगून न ऐकणारा असेल.

तर, माझ्या गाठी परत आल्या. हो, गर्भाशयातल्या, ज्या मागे ऑपरेशन करून काढल्या आणि डॉक्टरीणबाईंनी मला बरणीत घालून दाखवल्या, त्याच. सोनोग्राफीत पुन्हा दिसल्या तेव्हा माझा पहिला संशय त्या बरणीवर गेला. आतल्या गाठी माझ्याच होत्या कशावरून? दुसरा सासूबाईंवर, कारण जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यांत गरम जेवण त्याच भरतात. तिसरा ह्यांच्यावर. (पुरावा नाही. पण ज्या शांतपणे हे "होईल सगळं नीट" म्हणाले, तो शांतपणा निर्दोष माणसाचा नव्हे.) शेवटी सगळा संशय डॉक्टरीणबाईंवरच येऊन बसला. एखादी गाठ आत विसरल्या असणार.

तसं तोंडावर विचारलं, डब्यांचंही काढलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून संशय आणखी वाढला. म्हणाल्या, गाठी का होतात याचं नेमकं कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. शरीरातल्या हार्मोनवर त्या पोसतात, पाळी गेली की बहुधा आक्रसतात. काढताना न दिसलेल्या बारीकशा राहू शकतात, नव्याही येतात. डब्यांचा नाद सोडा. मग माझ्या स्वेटरकडे बघून म्हणाल्या, "तुमचं रफूचं दुकान ना? लोकरीवरचे गोळे काढून दिले की परत येत नाहीत?"

ताई, भांडायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच ऐकवते, की लोकर तीच आहे, गोळे येणारच.

पुढे त्यांनी विचारलं, आई, बहीण, कुणाला गाठी होत्या का? बऱ्याचदा हे घरातूनच येतं म्हणे. मागच्या खेपेसारखंच मी ठणकावून "नाही" म्हटलं, आणि जिना उतरताना मध्येच थांबले. तू बँकेच्या प्रशिक्षणाला गेली होतीस ना गं? आलीस ती पांढरीफटक पडून, आणि वर पाण्याची बादली उचलायची नाही म्हणत. बँकेत असं काय शिकवतात? आणि आई हवापालटाला गेली होती, एकटी, आपल्या ऐन परीक्षेत. आली आणि मावशी आपल्याकडे धुणीभांडी करायला राहिली. आपल्या घरातल्या बायका आजारी पडतच नाहीत, नुसत्या गावाला जातात.

रागावलेली नाही. तेव्हा तुझ्याजवळ कुणी होतं का, एवढंच डोक्यात घोळतंय.

तुझी,
धाकटी

ता. क. गुरुवारी बाई विचारणार आहेत, पुन्हा नुसत्या गाठी काढायच्या की पिशवीच. पिशवी काढली तर परत यायला जागाच उरत नाही, म्हणतात. मला ठरवता येत नाही. भीती वाटते. तू काय ठरवलं होतंस, ते पत्रात लिहू नकोस. ये, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सांग.

ता. क. दुसरा. लेकीला मी सांगितलंय की रफूच्या प्रशिक्षणाला जातेय. ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "जा तू. आल्यावर बादल्या मी उचलीन." हिला कुणी सांगितलं? मला तुझाच संशय आहे.