बेचाळीस मेल कमी पडल्या

लोणी काळभोर, सोमवार

दार आतून लावून घेतलं आणि दिवा बंद केला. बाहेर प्राचार्य बद्रीनाथ सर शिपायाला, संपतला, मी कुठे आहे असं विचारत होते. ‘आत न्हाईत, सर,’ संपत म्हणाला. (मला आत जाताना त्याने पाहिलं होतं.) पावलं लांब गेली. तेव्हा आता नमस्कार करतो.

ती. दशरथमामांस प्रज्ञेशचा जय भीम. गुडघा कसा आहे? मामींनी साखर सोडली का? इकडे मी खुशाल नाही.

तुमच्या शब्दावर मी या कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो. मी मराठीचा एम. ए.; पण संगणक ग्रंथालयात आहे, म्हणून त्यातला जाणकारही मीच ठरलो. गेल्या महिन्यात सरांनी हुकूम काढला की लॉटरीच्या, औषधांच्या भलत्या मेल फार येतात, सर्व्हरवरच चाळणी बसवा. सर्व्हरवर म्हणजे एकदाच, सगळ्यांसाठी. तिच्यात अडकलेली मेल कोणालाच पोचत नाही. पण या चाळणीला आधी शिकवावं लागतं. दोनशे चांगल्या मेल दाखवायच्या, दोनशे वाईट. मग शब्दांवरून ती आपली आपण गुण देते. गुण पाचाच्या वर गेले की मेल अडकली. चांगल्या दोनशे मिळाल्या. वाईट एकशे अठ्ठावन्नच निघाल्या. (आकडा पुरा भरल्याशिवाय काम झालं असं आपल्याकडे कोणी मानत नाही.) हाताशी सरांचे रोज मेलने येणारे सुविचार होते. ते मोजून बेचाळीस वाईटांत घातले.

त्यानंतर आठवडाभर सरांची एकही मेल कोणाला आली नाही. सर आमच्याशी बोलतात ते मेलनेच. कोणी तक्रार केली नाही. उलट स्टाफरूममध्ये लोक एकमेकांना चहा पाजू लागले.

काल कात्रजला सरांच्या मुलीचा, पूर्वाचा, साखरपुडा झाला. निमंत्रण सगळ्या ऐंशी जणांना, मेलने. (छापील पत्रिका म्हणजे मागासपणा.) त्यात ‘आशीर्वाद’, ‘मंगल’, ‘परिवार’, सगळे सुविचारांतलेच शब्द. मी आज चाळणी उघडून पाहिली. परदेशी लॉटरीला सात गुण, सरांच्या निमंत्रणाला अकरा.

सकाळी सभेत सर म्हणाले, ‘आपण ऐंशी जणांना बोलावलं. आलं कोण? हॉलचा मॅनेजर. पंखे बंद करू का, विचारायला.’ सगळ्यांनी खाली पाहिलं. कशाबद्दल चाललंय हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. सरांच्या मते हा बहिष्कार आहे, आणि तो घडवला संपतने, कारण कर्मचारी संघटना त्याच्याकडे आहे. उद्या अकराला त्याच्या निलंबनाच्या आदेशावर सही होईल. तो टाइप करायलाच सर मला शोधत आहेत. संपतला दोन मुली आहेत. खरं मला एकट्याला ठाऊक आहे, आणि मी अजून कायम झालेलो नाही.

आपला,
प्रज्ञेश

ता. क. सरांना खरं सांगू की नको, एवढंच कळवा. नको म्हणालात तर बरं.

आणखी एक. नागपूरला पत्र पोचायला तीन दिवस लागतात, हे मला लिहायला बसण्याआधीच ठाऊक होतं. फोन इथेच टेबलावर आहे. चालू आहे.

मंगळवार. पाकीट टाकलं नव्हतं. साडेदहाला टाइप केलेला आदेश सरांपुढे ठेवला आणि खरं सांगितलं. निमंत्रणाला अकरा गुण, हा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग आदेशावरचं संपतचं नाव खोडून माझं लिहिलं. साडेअकराला संपतच तो घेऊन आला. ‘हितं सही करा, सर,’ म्हणाला. केली.