कोरी बाजू

सोमवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पिल्लूची काळजी करू नकोस. काल माझ्याकडे बसून तिने गणितं सोडवली. आज मी घातलेली वेणी मात्र शाळेच्या वाटेवरच सोडून टाकली. तू काही खाल्लंस का? नर्सबाईंच्या हाती डबा पाठवतोय, त्यातच ही चिठ्ठी आहे. मीच येणार होतो, पण काम निघालं.

काम कसलं! तुझ्यासमोर यायला तोंड नाही.

दाजी मला चारचौघांत प्लंबर म्हणतात, ते काही खोटं नाही. इथे हॉस्पिटलच्या तळघरात मी प्लॅस्टिकच्या नळ्यांतून रक्ताइतकं दाट पाणी खेळवतो आणि दाजींसारख्या, हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर असलेल्या पेशंटचा स्कॅन कसा वाचायचा, ते त्यावरून ठरवतो. म्हणून तर शनिवारी डॉक्टरांनी मलाच विचारलं. दाजींच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचत नाही, असं स्कॅनमध्ये दिसत होतं. चित्र बरोबर आहे, असं मी अगदी ऐटीत सांगून टाकलं.

तू म्हणालीस, "त्यांनी माझं बोट दाबलं रे, डाव्या हाताने."

आणि तुझ्या सासूबाईंसमोर मी म्हणालो, "तो भास आहे, ताई. डावा हात मेंदूची उजवी बाजूच चालवते. मशीन बंद करायच्या कागदावर सही कर आता."

तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मीही बोललो नसतो.

माझ्या मॉडेलमध्ये एकच पंप होता, मशीनचा. दाजींचं हृदय थोडं का होईना, चालू आहे. ते मी धरलंच नव्हतं. दोन प्रवाह एकत्र आले की आकडे काही केल्या जुळत नाहीत, म्हणून पुढे बघू, पुढे बघू करत राहिलो. आज सकाळी दुसरा लहान पंप जोडला. स्कॅनसाठी शिरेत सोडतात ते औषध सगळं मशीनच्या प्रवाहाबरोबर गेलं. चित्रात उजवी बाजू कोरी आली, पण त्या बाजूच्या नळीतून लहान पंपाचं, औषध नसलेलं पाणी तर व्यवस्थित वाहत होतं.

म्हणजे स्कॅनमध्ये कोरी दिसली, तरी त्या बाजूला रक्त पोचत असू शकतं.

डॉक्टरांना दाखवलंय. संध्याकाळी औषध हृदयाच्या प्रवाहातही मिसळावं म्हणून मशीन थोडा वेळ मंद करून ते पुन्हा स्कॅन घेतील. काय निघेल, मला माहीत नाही. तोवर सही करू नकोस, कोणी कितीही समजावलं तरी. माहीत नसताना मी तुला गप्प बसवलं, ताई. त्याची फार लाज वाटते.

पुन्हा तेच दिसलं, तर सांगायला मी स्वतः वर येईन. चांगलं दिसलं, तर डॉक्टर सांगतील. ते सांगायचा हक्क मी घालवलाय.

तुझा धाकटा भाऊ,
अजून म्हणवून घेता येत असेल तर