पावसाळ्यातला बोंबलाचा वास

१२ जून
काशीदजवळच्या या कोळीवाड्यात आज माझा दवाखाना सुरू झाला. पाटी स्वतः ठोकली, अंगठाही ठोकून घेतला! खिडकीत समुद्र, दारासमोर बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी. झाडलोटीला रंगूमावशी आहे. तिने वालाचं बिरडं आणलं, मी पुणेकर बोटं चाटत बसलो. काय मजा आहे राव!

२० जून
मावशीची लेक प्रणाली आली. तिला मधूनच बोंबलाचा उग्र वास येतो, मिनिटभर, मग काही क्षण भानच राहत नाही. मी खो खो हसलो. कोळीवाड्यात बोंबलाचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? झोपेची गोळी लिहून दिली.

४ जुलै
पुन्हा आली. मुंबईला मेंदूचा एमआरआय करायचा, चिठ्ठी द्या म्हणाली. मोबाइलवर वाचलं होतं म्हणे. डोकंच फिरलं माझं. डॉक्टर मी की ती? हाकललं. दारातून म्हणाली, तुम्हालाबी येल हा वास, तवा हसा.

१९ जुलै
प्रणाली गेली, आठवडा झाला. धक्क्यावर फीट आली, पाण्यात पडली. शवविच्छेदनात मेंदूत, उजव्या कानाच्या वर, गाठ निघाली. गँग्लिओग्लायोमा. तो वास, ते भान जाणं, सगळं या गाठीमुळेच. दुर्मिळ, पण वेळेत कळली तर बहुधा काढता येते. मावशीने एवढंच विचारलं, पावसात बोंबील कोन सुकवतो, डाक्तर?
वलांडी मी आल्यापासून रिकाम्याच आहेत. मला ते दिसलंच नाही. माझ्यामुळे मेली पोर.

२६ जुलै
वास आला. चहा गाळताना. वलांडी रिकाम्या.

३० जुलै
मुंबईला एमआरआय केला. फिल्मवर गाठ स्पष्ट आहे. तिच्याच जागी. काढली तर मी वाचेन! पण सर्जन म्हणतात, मेंदू स्वच्छ आहे. बोट ठेवून दाखवली, तरी त्यांना दिसत नाही. खो खो हसले. कोळीवाड्यात काय अत्तराचा वास येणार, म्हणाले. माझेच शब्द. झोपेची गोळी दिली.

२ ऑगस्ट
आज पाचदा. मावशीचे पाय धरले, मला धक्क्याकडे जाऊ देऊ नका म्हटलं. ती झाडतच राहिली.

३ ऑगस्ट
धक्क्यावर आहे. कसा आलो – वही हातात, पाय ओले – वास – मावशी पाच पावलांवर उभी. विचारते, वास येतो का डाक्तर. येतो म्हटलं. मग हसा, म्हणाली – मावशी, हात द्या, मला –