काउंटर क्रमांक तीन

प्रिय ताई,

तुझी लेक सुखरूप पोचली, तीन आठवडे माझ्याकडे राहिली आणि पहिल्याच दिवशी तिनं माझं स्वयंपाकघर लावून टाकलं. आता मला माझ्याच घरात चहाचं पातेलं सापडत नाही. ही सवय कुणाची ते सांगायला नको. फोनवर मी तुला "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाले, कारण फोनवर तू दोन मिनिटांच्या वर टिकत नाहीस. "बरं, ठेवते, गॅसवर काहीतरी आहे," हे तुझं वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकतेय. इतकी वर्षं तुझ्या गॅसवर काय शिजतंय कोण जाणे! म्हणून पत्र लिहायला बसले. निदान हे वाचताना तरी गॅस बंद कर.

पहिल्या सकाळी वही-पेन घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि तिनं विचारलं, "मावशी, सध्या या शहरात चांगला पगार कशात आहे?" मला हसूच आलं. तू आणि मी हेच विचारत होतो की! रविवारचं वर्तमानपत्र जमिनीवर पसरायचं, पालथं पडून एकेका जाहिरातीवर पेन्सिलीनं खुणा करायच्या. तेव्हा सगळे सांगायचे, हॉस्पिटलं आणि विमा, यातच पुढं जाणार. मी तुझ्या लेकीला सांगितलं, हॉस्पिटलं आहेतच, पण आता नदीपलीकडे औषधांचे कारखाने झालेत, कॉम्प्युटर कंपन्यांचा तर अख्खा रस्ता आहे, आणि विमानतळाच्या बाजूला एवढाली गोदामं, की आतली माणसं सायकलवरून फिरतात. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीनं औषधांकडे जावं, असं माझं मत. मग तिला बसनं सगळीकडे हिंडवलं. तुझा शिलाईचा कारखाना पाडला, ताई. तिथं आता सोळा मजली काचेची इमारत आहे. बसथांब्याचं नाव मात्र अजून "शिलाई कारखाना" असंच आहे. तुझी लेक इकडंतिकडं बघत म्हणाली, "कुठाय कारखाना?" मी म्हटलं, तुझी आई इथं दोन वर्षं कॉलर जोडायची, दिवसाला तीनशे. तिला ते माहीतच नव्हतं. तू तिला फारसं काही सांगितलेलंच नाहीस, हे माझ्या हळूहळू लक्षात येत गेलं.

आपली खोली असलेली गल्ली अजून आहे. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली, एक खिडकी, एक खाट, आणि दारावर चिकटवलेला नियमबाईंचा तो कागद. चौदा नियम! घरमालकीण असावी तर अशी. त्यातला अकरावा, "हसताना खिडकी बंद ठेवावी," वाचून आपण इतक्या हसलो होतो, की त्या खरंच वर आल्या. आणि मुलाखतीचे बूट आठवतात? दोघींत एक जोड. तुझ्या मापाचे, म्हणून मी पुढं कापूस भरायची. ज्या दिवशी नव्या हॉस्पिटलनं तुला बोलावलं, त्याच दिवशी त्यांच्याच विमा कंपनीनं मला बोलावलं. बूट तू माझ्या पायांत घातलेस आणि स्वतः चपला घालून गेलीस. म्हणालीस, "काउंटरवाल्या बाईचे पाय कुणाला दिसतात?" दोघींनाही घेतलं. त्या संध्याकाळी आपण अंड्याची पोळी आणि पाव खाल्ला आणि खिडकी मुद्दाम उघडी ठेवली.

तू नोंदणीच्या काउंटर क्रमांक तीनवर बसायला लागलीस. आरशासमोर उभी राहून "मे आय हेल्प यू" म्हणायची तालीम करायचीस. माझी हसून मुरकुंडी वळायची, तरी तू चिकाटीनं म्हणतच राहायचीस. पण ताई, तुला ते काम किती शोभत होतं! माझं ऑफिस मागच्याच इमारतीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी लांबून तुला बघायची. एक आजोबा होते, ऐकू न येणारे. बाकीच्या काउंटरवरची माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायची आणि ते आणखीच घाबरायचे. तू पावतीच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून दिलंस, "डावीकडे वळा, निळं दार, घाई नाही." ते "घाई नाही" वाचून आजोबा खुर्चीत बसले आणि निवांत हसले. पुढच्या वेळेपासून त्यांना तीन नंबरशिवाय चालेना. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, वर्षभरात हिला विभाग सांभाळायला देऊ. मी अशी ऐटीत चालायचे, जणू मलाच देणार होत्या.

आठ महिने. मी मोजलेत. नवव्या महिन्यात एका दुपारी मी घरी आले तर तू खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होतीस. म्हणालीस, "बारके, मला नाही मानवत इथलं. डोकं दुखतं, गर्दीनं जीव घाबरतो. मी घरी जाते." मी "का गं" एवढंच विचारलं आणि तू एवढंच उत्तर दिलंस. घरच्यांनी ते लगेच मान्य केलं. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, ताईला शहर झेपलं नाही, बारकी खमकी निघाली. लग्नाकार्यात कुणी ना कुणी ते बोलतंच, आणि तू मान डोलावून पुढं वाढायला जातेस. मी पाण्याचा घोट घेते. सव्वीस वर्षं मी पाण्याचे घोट घेतेय.

ताई, मला त्या दिवशीच कळलं होतं. तुला गर्दीनं जीव घाबरण्याचं कारणच नव्हतं. गर्दीतच तर तू फुलायचीस. नोकरीचे ते दोन फॉर्म मी भरले होते. तू केस धूत होतीस. "पदवी पूर्ण आहे का" असा रकाना होता. आईच्या आजारपणात तू दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलेलं, आणि मला वाटलं, एवढ्याशा रकान्यापायी हिला परत कॉलर जोडायला पाठवायचं? मी "होय" लिहिलं. तू टॉवेल गुंडाळून आलीस, "सगळं नीट भरलंस ना?" विचारलंस, आणि ओल्या हातानं सही केलीस. न वाचता. कारण भरणारी मी होते. हॉस्पिटल नवं होतं, माणसांची घाई होती, प्रमाणपत्रं मागाहून दिली तरी चालतील म्हणाले. मी तुला ते सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

दोन वर्षांनी तुझी ती कुरळ्या केसांची काउंटरवरची मैत्रीण मला भेटली. प्रमाणपत्रं मागितल्यावर तुझी चौकशी झाली, तेव्हा ती खोलीत होती. तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी फॉर्म तुझ्यापुढं ठेवला, तू तो पहिल्यांदाच नीट वाचलास, आणि तुझा चेहरा उतरला. साहेबांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं आहे?" माणूस वाईट नव्हता, तुला वाट काढून देत होता. मी तेव्हा कच्च्या नोकरीवर होते, मालक तेच, एका शब्दानं मीही गेले असते. आणि तू म्हणालीस, "सही माझी आहे." अक्षराबद्दल एक शब्द नाही. हे ऐकल्यावर मी पहिल्या गाडीनं तुझ्याकडं यायला हवं होतं. आले नाही. त्याच महिन्यात मी कायम झाले होते, आणि मला भीती वाटली. मग तुझं लग्न झालं, मग लेक झाली, मग ते बोलायची वेळच निघून गेली असं मी स्वतःला समजावलं. आज मी दाव्यांच्या विभागाची प्रमुख आहे, मुलाखती घेते, समोरच्या मुलांना म्हणते, फॉर्ममध्ये खरं तेच लिहा. म्हणताना जीभ अडखळते, पण म्हणते.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. तुझ्या लेकीला औषधाच्या कारखान्यातल्या तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. माझ्या ओळखीनं नाही, तिच्या स्वतःच्या हिमतीवर. मी तिथं कुणाला ओळखतही नाही. पगार आपल्या दोघींचा तेव्हाचा पगार एकत्र करून त्याच्याही चौपट. बातमी आली तेव्हा ती आनंदानं उडी मारायची सोडून रडायला लागली. निघण्याआधी तुमचं भांडण झालं म्हणे. तू "शहर माणसाला टाकून देतं, जाऊ नकोस" म्हणालीस, आणि ती म्हणाली, "तुला जमलं नाही म्हणून मलाही जमणार नाही का? तू भित्री आहेस, आई." आणि तू तिची बॅग भरून दिलीस. हे ऐकल्यावर मात्र मला पाण्याचा घोट घेता आला नाही. मी तिला सगळं सांगितलं, रकान्यापासून सहीपर्यंत. ती रागावली, ते योग्यच होतं. मग म्हणाली, "मावशी, हे तू स्वतः आईला लिही. मी सांगितलं तर ती तुझीच बाजू घेईल." म्हणून लिहिलं. पत्र तिच्याच हाती देतेय. तिला तुझी माफी मागायची आहे, तिला आधी बोलू दे. माझ्यासाठी तुझ्याकडं काय शिल्लक असेल ते मी मागत नाही. पण एक तारखेला ती रुजू होणार आहे, आणि इकडं यायची तिनं काल दोन तिकिटं काढली. दुसरं कुणाचं, असं मी विचारलं तर म्हणाली, "आईला काउंटर क्रमांक तीन बघायचाय." तू असं म्हणालेली नाहीस हे मला माहीत आहे. तरी ये, ताई.

तुझीच,
बारकी