भिंत कोणाला द्यावी

मी, काबुता सियाएकी, वय एकाहत्तर, धंदा माडी काढणे व मासेमारी, राहणार नाकाबा गाव, उत्तर तारावा, किरिबास, आज हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण जमीन-कोर्टाचे कारकून तेकिनाइती म्हणतात की कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला धमकावून, फसवून किंवा पाजून हे कोणी लिहून घेतलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यानंतर करायला बहुतेक सवड मिळणार नाही.

कलम १. कारकुनांच्या मते आभाराचं कलम नसतं, मालमत्तेचं असतं. पण माझ्याकडे आभारच जास्त साठले आहेत, म्हणून ते आधी. बायको तेरेंगा हिचे आभार. तिने चौतीस वर्षं माझं गाणं आणि माझा हट्ट दोन्ही सोसलं. मुलगी आरिता हिचे आभार. ती ऑकलंडला असते, दर नाताळात फोन करते आणि दर वेळी म्हणते, ‘बाबा, बेट बुडायच्या आधी इकडे या.’ बाई गं, बेट अजून आहे आणि मीही आहे. तू बोलावत राहिलीस, याने मला फार बरं वाटलं, हे मी तुला फोनवर कधी सांगितलं नाही.

कलम २. मला तेरेंगाशेजारी पुरावं. तिची कबर रस्त्याच्या बाजूला, उंचवट्यावर आहे. माझ्या वडिलांना आम्ही किनाऱ्यावर पुरलं होतं आणि नंतर दोनदा उचलून आत आणावं लागलं. जिवंतपणी त्यांना कोणी जागचं हलवू शकलं नव्हतं.

कलम ३. माझी होडी मुलगा बाऊरो याची. माडी काढायचा सुरा आरिताच्या मोठ्या मुलाला पाठवावा. तिकडे माड नाहीत हे मला माहीत आहे, तरी पाठवावा. होडीचं इंजिन चुलतभाऊ तोआरोई याला द्यावं. ते बारा वर्षं त्याच्याकडेच आहे. नातेवाइकाने समोर बसून मागितलं की नाही म्हणायचं नाही, या आमच्या रिवाजाला बुबुती म्हणतात, आणि तोआरोई त्यात तरबेज आहे. आता ते कायद्यानेही त्याचं झालं. त्याने निवांत झोपावं.

कलम ४. आरिताने पाठवलेली पावसाच्या पाण्याची टाकी कोणा एकाची नाही. शेजारच्या कोणालाही तिच्या नळावर येण्यास बाऊरोने मज्जाव करू नये. पाणी अडवणाऱ्याच्या घरात मी भूत होऊन राहीन. हे कारकुनांनी लिहायला नकार दिला, म्हणून मी स्वतः लिहितो आहे.

कलम ५. आता भिंतीचं.

१९९९ साली समुद्र माझ्या अंगणात आला. मी आणि बाऊरोने, तेव्हा तो बारा वर्षांचा होता, ओहोटीला खडकावरून प्रवाळाचे दगड उचलले आणि सात महिन्यांत छातीइतकी भिंत उभी केली. गाव बघायला आलं. बापलेकांनी समुद्र अडवला म्हणाले. माझी छाती त्या भिंतीपेक्षा वर गेली होती.

आमच्या किनाऱ्यावर वाळू एका जागी राहत नाही, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. माझ्या भिंतीने तिची वाट अडवली. उत्तरेला माझ्या बायकोच्या चुलत बहिणीची, नेई मारेवाची (नेई म्हणजे बाई) जमीन आहे. दुसऱ्या वर्षी तिचे तीन माड पडले, पाचव्या वर्षापर्यंत अकरा, आणि मग तिचं स्वयंपाकघर. मी म्हणायचो, समुद्राने खाल्लं. समुद्राला तिच्या दारात नेऊन कोणी सोडलं, हे मी म्हणत नव्हतो.

ती माझी मेहुणी. तिने समोर बसून ‘भिंत पाड’ म्हटलं असतं तर मला पाडावी लागली असती. त्यामुळे ती लांबून वाटेवर दिसली की मी माडावर चढायचो आणि शेंड्यावर बसून मोठमोठ्याने गायचो. माडी काढणाऱ्याला गाणं थांबवून खाली बोलवत नाहीत. नाकाबात माझ्या आवाजाची जी कीर्ती आहे तिचं मूळ हे आहे. लोकांनी मला माफ करावं.

२००५ च्या मोठ्या भरतीत पाणी भिंतीवरून आत आलं आणि आतच राहिलं, कारण परत जायला मी वाट ठेवली नव्हती. नऊ दिवस ते साचलं होतं. माझ्या वडिलांनी खणलेल्या खड्ड्यातला बाबाई, माणसाएवढ्या पानांचा अळू, मुळातून कुजला. विहीर खारट झाली. मारेवाकडे पाणी आलं तसं गेलं. तिची विहीर मागे, केवड्याच्या बनात होती, ती गोडी राहिली. तेव्हा मागायला मी गेलो. तिने माझी बादली घेतली, भरली आणि म्हणाली, उद्यापासून दोन बादल्या आण, एका फेरीत होईल. अकरा महिने आम्ही तिचं पाणी प्यायलो. मी रोज वाट बघायचो की आज ती बदल्यात भिंत मागेल. तिने मागितली नाही. ती किनाऱ्यावर खारफुटीची रोपं लावत राहिली. मी त्यांना काटक्या म्हणून हसलो. त्या काटक्या आता माझ्या डोक्यावर गेल्या आहेत आणि त्यांच्या मुळांत थोडी वाळू धरायला लागली आहे.

तेरेंगा वारली तेव्हा मारेवा तीन दिवस आमच्याकडे होती. शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं की तू कधी मागितलं का नाहीस.

ती म्हणाली, “तू माडावरनं उतरायचास कधी?” मग चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “मागितलं असतं तर तू पाडली असतीस रे. तेरेंगाची पोरं लहान होती. त्यांना पाण्यात झोपवायचं होतं का मी?”

मी त्या दिवशी बायकोसाठी रडत होतो असं सगळ्यांना वाटलं. निम्मंच बायकोसाठी होतं.

म्हणून भिंतीच्या आतली उत्तरेकडची पट्टी, रुंदी बावीस पावलं, तेरा माड आणि एक विलायती फणस यांसह, मी नेई मारेवाला कायमची देत आहे. बाऊरोला हे पसंत नाही. तो म्हणाला, वाळू समुद्राने नेली, आपण नाही. हे वाक्य त्याने माझ्याकडूनच उचललं आहे, त्यामुळे त्याला मी रागावू शकलो नाही.

कलम ६. घर, राहिलेली जमीन आणि भिंत, जशी आहे तशी, बाऊरोची. ती पाडा असं मी लिहायला हवं होतं. मला लिहवत नाही. माझ्या मुलाने आणि मी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट आहे. तो ती उंच करायचं म्हणतो. मी गप्प बसतो. एवढा भित्रेपणा माझ्या नावावर मांडून ठेवावा.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी. वरील मजकूर कारकुनांनी मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. साक्षीदार कोण, असं त्यांनी विचारलं. नेई मारेवा म्हणाली, मी सही करते. कारकुनांनी तिला दोनदा समजावलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याची देणगी रद्द होते.

“कळलं मला. पेन द्या,” ती म्हणाली.

बाऊरोने मोकळा श्वास घेतला, तो मला ऐकू आला. जमीन वाचली असं त्याला वाटलं. मारेवा उठली, त्याच्यासमोर जाऊन मांडी घालून बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मागायला बसतात तशी. चोवीस वर्षं मी ज्याला भ्यालो ते माझ्या मुलासमोर येऊन बसलं होतं.

“बाऊरो, मी तुझी मावशी. भिंत आता तुझी होणार, म्हणून तुझ्याकडे मागते. ती मला दे.”

बुबुतीत तरबेज तोआरोई नीट बघायला पुढे सरकला. बाऊरो म्हणाला, “मावशी, जमीन घे की. बाबांनी दिली आहे. मी तक्रार करणार नाही.”

“मी सत्तरीची बाई, जमीन घेऊन काय करू? माझ्या पलीकडे सहा घरं आहेत. दोघांच्या अंगणात पाणी आलंय. वाळू तिकडे जाऊ दे.”

“आणि आमचं घर?”

“माझी रोपं आहेत दोनशे, बाटल्यांत वाढवलेली. पुढे झावळ्या-काटक्यांचं कुंपण घालू, म्हणजे वाळू धरेल. घराला खांब लावून उंच करू. मी येईन, पलीकडची सहाही घरं येतील. दगड शाळेच्या टाकीखाली आणि घरांच्या जोत्यांना लागतील. एकट्याला नाही सोडणार तुला.”

बाऊरोला नाही म्हणता येणार नव्हतं, पण हो म्हणायला तो मोकळा होता, आणि मी त्याचा बाप असून मला कळेना की तो ते तोंडाने म्हणेल की मनाने. मग तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, “बाबा, तुम्ही मरायची वाट कशाला बघायची? उद्या ओहोट सकाळी आहे.”

कारकुनांचं म्हणणं, ही मागणी कोर्टाच्या कुठल्याच कलमात बसत नाही. नाही बसत तर न बसो.

सबब कलम ५ रद्द समजावं. तोआरोईही साक्षीदार झाला, म्हणून त्याचं इंजिनही कायद्याने गेलं, पण ते बारा वर्षं आहे तिथेच राहील. कलम ६ मधून ‘आणि भिंत’ हे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत, खाडाखोड माझीच आहे. मी या गावाचा, या मेहुणीचा आणि या मुलाचा ऋणी म्हणून मरेन, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. बाऊरोने मला विचारलं आहे की वरचा कुठला दगड आधी काढला तर बाकीचे पायावर कोसळणार नाहीत. ते मलाच माहीत आहे, म्हणून उद्या गुडघे घेऊन मी पाण्यात उतरणार आहे.

ठिकाण: मानेआबा, नाकाबा, उत्तर तारावा
दिनांक: ९ मार्च २०२३

लिहून देणार: काबुता सियाएकी (सही)

साक्षीदार, दोघांनीही वाचून ऐकून सही केली:
१. नेई मारेवा इओतेबा (सही)
२. तोआरोई बेनियामिना (सही, पेन परत केलं, कारकून तेकिनाइती यांनी मोजून घेतलं)